सखाराम मास्तरांच्या तारखा

टेम्पो शाळेच्या फाटकाशी थांबला तेव्हा शांताबाई खिचडीत मीठ घालत होत्या. दोन माणसांनी गोणपाटात गुंडाळलेला दगड उतरवला आणि व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवला. मुख्याध्यापिका अमृता मॅडम बाहेर आल्या. त्यांनी गोणपाट सोडलं. आत काळा ग्रॅनाइट होता. तोंड दिसेल इतका गुळगुळीत. त्यावर सोनेरी अक्षरं कोरलेली.

वडशेतच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती. दहा दिवसांनी अमृत महोत्सव होता. मुख्याध्यापकांच्या नावांचा जुना पत्रा गंजला होता, म्हणून उत्सव कमिटीने हा दगडाचा फलक करून घेतला होता.

शांताबाई गॅस बारीक न करताच उठल्या. हातातला डाव तसाच होता. चौथीपर्यंत त्या याच शाळेत शिकल्या होत्या. वाचायला त्यांना वेळ लागतो. पण कोणती ओळ बघायची ते त्यांना ठाऊक होतं. चौथं नाव आणि पाचवं नाव यांच्या मधली.

‘जून १९६२ ते मे १९६४ : पद रिक्त.’

“मॅडम, मी तुम्हाला जूनमध्येच सांगितलेलं,” शांताबाई म्हणाल्या.

“मी कमिटीला लेखी दिलेलं, मावशी.”

“मग?”

“ते म्हणाले, जुन्या बोर्डावर आहे तसंच उतरवा.”

“जुना पत्र्याचा होता. मी मनात म्हणायची, उडेल कधीतरी रंग. हा दगड आहे.”

अमृता मॅडमनी गोणपाट पुन्हा फलकावर ओढलं. त्यांची बदली होऊन त्या इथे आल्या त्याला दोन वर्षं झाली होती. वाईट बाई नव्हत्या. पण कमिटीचा अध्यक्ष गावातला सगळ्यात मोठा माणूस होता आणि शाळेत एकतीस मुलं उरली होती. पट आणखी घसरला तर शाळेला कुलूप लागेल, याची त्यांना रोज भीती वाटे.

“माझा बाप दोन वर्षं या खोलीत उभा राहून शिकवत होता,” शांताबाई म्हणाल्या. “रिक्त म्हणजे इथे कोणी नव्हतं, असंच ना?”

तेवढ्यात खिचडी लागल्याचा वास आला. वीस वर्षांत शांताबाईंची खिचडी लागली नव्हती.

*

वडशेत टिटवाळ्याच्या पलीकडे. आता तिथे चौदा मजल्यांच्या इमारती आहेत. तेव्हा भाताची खाचरं होती, आगऱ्यांचं गाव होतं, आणि गावाबाहेर ओढ्यापलीकडे शांताबाईंच्या वडिलांची, सखारामांची, वाडी होती. छप्पन साली वाडीने बौद्ध धर्म घेतला. गावाने मात्र वाडीला जुन्याच नावाने ओळखणं चालू ठेवलं.

शाळा सुरू झाली ती मारुतीच्या देवळात. वाडीतली पोरं पायरीखाली बसत. पाटी वर द्यायची, गुरुजी लांबून बघायचे, पाटी खाली यायची. मग देवळात उत्सव आला की शाळा कुणाच्या तरी खळ्यावर, कुणाच्या गोठ्याशेजारी. सत्तावन्न साली दोन कौलारू खोल्या बांधल्या. भिंतींचा दगड नदीवरून डोक्यावर आणला. तो आणायला वाडीतली माणसं चालली. सखाराम तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांनीही आणला.

ते फायनल, म्हणजे सातवी, पास होते. कल्याणला चालत जाऊन शिकलेले. आंबिवलीच्या एका कारखान्यात त्यांना दुसऱ्या पाळीचं काम होतं.

बासष्टच्या उन्हाळ्यात शाळेचे गुरुजी सुट्टीवर गेले ते परत आले नाहीत. नव्या माणसाचा हुकूम निघाला म्हणे. माणूस आला नाही. जून उजाडला. खोल्यांना कुलूप. किल्ली धोंडीबा पाटलाकडे.

सखाराम पाटलाच्या दारात गेले. अंगणातच उभे राहिले. म्हणाले, मी दुपारपर्यंत मोकळा असतो, गुरुजी येईपर्यंत पोरांना बसवतो, किल्ली द्या.

धोंडीबा म्हणाला, “तू शिकवशील आमच्या पोरांना?”

एवढंच म्हणाला. आणि हसला.

सखारामांनी आपल्या घराच्या पडवीत शाळा भरवली. पहिल्या दिवशी वाडीतली सात मुलं होती. आठवड्याने डोंगराकडची ठाकर आदिवासींची चार आली. गावातली एकही नाही. गावातली पोरं म्हशींमागे जाऊ लागली.

पहिली आली ती ठमाबाई. आगऱ्याची सून, वय पंचविशीच्या आत. मुलाला बखोटीला धरून ओढा ओलांडून आली आणि पडवीत आणून बसवला. मुलाचं नाव रवींद्र. त्या वर्षी ठमाबाईच्या घरी हळदीकुंकवाला एकही बाई आली नाही. ठमाबाईने मुलाला काढलं नाही. मग तिची जाऊ आली, मग तिच्या शेजारची. दिवाळीपर्यंत पडवीत तेवीस मुलं दाटीवाटीने बसू लागली.

मग तालुक्याहून कोणी साहेब येणार अशी बातमी आली. शाळेला कुलूप दिसलं तर गावाची शोभा. धोंडीबाने किल्ली पाठवली. आणणाऱ्याने ती सखारामांच्या अंगणात टाकली. हातात दिली नाही. सखारामांनी ती मातीतून उचलली, धुतली आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडली.

सहा महिने लागले होते त्या किल्लीला.

*

गावात एक जूनला अर्ध्या लोकांचा वाढदिवस असतो. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारत, जन्म कधीचा? आई म्हणे, काय माहीत. गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. पिढ्यान्‌पिढ्या तेच. आजोबा एक जून, नातू एक जून.

सखाराम मास्तरांना ते मान्य नव्हतं. आईला तारीख माहीत नसली तरी दिवस माहीत असतो, असं ते म्हणत. तेव्हा शेतात काय होतं? कोणता सण जवळ होता? चंद्र होता की काळोख? घरात आणखी कोण जन्मलं, कोण गेलं? बाया सांगत. मास्तर लिहून घेत. मग कल्याणच्या रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी पंचांगं उघडत. त्यांना त्यातला मुहूर्त नको होता की भविष्य नको होतं. त्यांना फक्त तारीख हवी होती. वाडीतली माणसं चिडवत, “सखाराम, सगळा सोडलास, आणि आता भटाचा पंचांग घेऊन बसलास?” ते म्हणत, “माणसाला आपण कधी जन्मलो ते कळायला नको?”

दोन वर्षांत त्यांनी एक्केचाळीस मुलं दाखल केली. एक्केचाळीस तारखा शोधल्या.

चौसष्टच्या जूनमध्ये नेमणुकीचे गुरुजी आले. मास्तरांनी त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवलं, खडूंची पेटी ठेवली, किल्ली ठेवली. गुरुजींनी आधी खुर्ची धुऊन घेतली. दोन मुलांना ओढ्यावर पाण्याला पाठवलं आणि मास्तर समोर उभे असताना धुऊन घेतली. मग शेरेबुकात लिहिलं की मागील दोन वर्षे पद रिक्त असल्याने शाळेचे काम बंद होते. पुढे कोणीतरी त्यावरून पत्रा रंगवला.

सखाराम मास्तर हे कधी बोलले नाहीत. शांताबाईंच्या आईने सांगितलं. मास्तर अठ्ठ्याण्णव साली गेले. तोवर कारखानाही त्यांना विसरला होता.

शांताबाईंना सहासष्ट साली त्याच गुरुजींकडे शाळेत घातलं. मास्तरांनी सांगितलं, “जन्म अकरा ऑगस्ट.” गुरुजींनी मान वर केली नाही. “एक जून लिहिलाय. सोयीचा असतो.”

गावाच्या लेकरांना ज्याने जन्मतारखा दिल्या त्याच्या लेकीच्या आधारकार्डावर आज एक जून आहे.

*

दुसऱ्या दिवशी शांताबाई रवींद्रशेठच्या ऑफिसात गेल्या. तोच रवींद्र. ओढा ओलांडून आणलेला पहिला मुलगा. आता वडशेतच्या चार इमारती त्याच्या, हायवेवरच्या इंग्रजी शाळेचा तो ट्रस्टी, आणि या शाळेच्या उत्सव कमिटीचा अध्यक्ष. नातवंडं इंग्रजी शाळेत, अध्यक्षपद मराठी शाळेचं.

“ये शांते, बस. चहा घेशील?”

“चहा नको. बोर्डावर बाबांचं नाव हवं.”

शेठने खुर्ची मागे टेकली. “मॅडम बोललेल्या मला. पण बघ, प्रूफ काय? ऑर्डर आहे का नेमणुकीची?”

“तुम्ही स्वतः शिकलात त्यांच्याकडे.”

“अरे, मी तेव्हा केवढासा. मला काय आठवणार? शिकवलंही असेल. शिकवणारा वेगळा, मुख्याध्यापक वेगळा. उद्या अजून कोण येईल, म्हणेल माझ्या काकाने झाडू मारलेला, लाव नाव.”

“झाडू मारायला वाडीचेच होते,” शांताबाई म्हणाल्या. “त्यांचंही नाव नाही लावलंत.”

शेठ हसला. “टेन्शन नको घेऊ. स्मरणिकेत टाकू ना. सहकार्य करणारे ग्रामस्थ. फोटो आहे का चांगला?”

शांताबाई उठल्या.  वीस वर्षं त्यांनी आपल्या हातांनी या गावच्या पोरांच्या ताटात वाढलं होतं. आता त्यांना काहीतरी उचलून आपटावंसं वाटलं. टेबलावर काचेचा गणपती होता. त्यांनी तो उचलला नाही. दार मात्र जोरात लावलं.

शाळेत येऊन त्या थेट अमृता मॅडमसमोर उभ्या राहिल्या. “जुनं रजिस्टर काढा.”

“मावशी, ते असं कुणाला दाखवता येत नाही.”

“मी बघणार नाही. तुम्ही बघा. मी इथे उभी राहते.”

मॅडमनी कपाट उघडलं. रजिस्टर क्रमांक दोन. पानं पिवळी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. त्या एकेक पान उलटत गेल्या. एक जून. एक जून. एक जून. पान पान एक जून. मग अक्षर बदललं. सरळ, टाकाने काढलेलं, रेघ न सोडणारं. तिथून तारखा वेगळ्या झाल्या. बावीस नोव्हेंबर. नऊ मार्च. सतरा सप्टेंबर. प्रत्येक तारखेशेजारी पेन्सिलीने बारीक लिहिलेलं : ‘खळ्यावर भात असताना’, ‘गौरी उठल्या त्या दिवशी’, ‘आजा गेला त्याच्या तेराव्याला’. एक्केचाळीस ओळी. मग अक्षर पुन्हा बदललं, आणि पुन्हा एक जून.

मॅडमनी त्या ओळी पुन्हा मोजल्या. मग त्यांनी रजिस्टर शांताबाईंकडे वळवलं.

शांताबाईंनी बोट ठेवलं. अकरा वाडीची आणि ठाकरांची मुलं, आणि त्यानंतरचं बारावं नाव. रवींद्र. तीन फेब्रुवारी एकोणीसशे सत्तावन्न. शेजारी पेन्सिलीने : ‘माघी चौथ’.

“तीन फेब्रुवारी,” मॅडम म्हणाल्या. “मावशी, स्टेशनपासून शेठच्या वाढदिवसाचे बॅनर लागलेत.”

“लागलेत ना. मी येताना चार मोजले.”

मॅडमनी पानाचा फोटो काढून शांताबाईंच्या मोबाईलवर पाठवला. “माझं नाव घेऊ नका.”

“तुमचं नाव कोणी पुसलेलं नाही,” शांताबाई म्हणाल्या. “तुम्ही कशाला घाबरता?”

*

मंगळवारी शेठच्या बंगल्यासमोर मांडव होता. बॅन्जो होता. शाल, पुष्पगुच्छ आणि रांग होती. सकाळचे अकरा. शांताबाई शाळेची खिचडी उतरवून, हात धुऊन आल्या होत्या. रांगेत उभ्या राहिल्या. पुढच्याने मागे वळून पाहिलं, जरा सरकला.

मांडवाच्या कडेला खुर्चीत ठमाबाई बसली होती. वय सत्त्याऐंशी. लुगडं, कपाळावर गोंदण, कान शाबूत. शांताबाई रांग सोडून तिच्याकडे गेल्या आणि पाया पडल्या.

“कोन?”

“शांता, काकी. सखारामची.”

“मास्तरची पोर?” ठमाबाईने त्यांचा हात धरला. “बस गो. आज पोराचा वाढदिस हाय माझ्या.”

“काकी, त्याचा जन्म आजच्या दिवशीचा हे कुणी काढलेलं?”

“कुनी म्हंजे? तुझ्या बापानी. मना इचारला, पोर कवा झाला? मी सांगला, माघी चौथ व्हती, घरान सगली उपाशी, आनि मना कला सुटल्या. मंग त्यानी पुस्तकान बघून तारीख काढली. बाकीच्यांची सगल्यांची जूनची. माझ्या पोराची खरी हाय.”

ती ऐकू कमी येणाऱ्यांच्या आवाजात बोलत नव्हती, पण बॅन्जो नेमका थांबला होता. रांगेतल्या माणसांनी ऐकलं. शेठने ऐकलं.

शांताबाई उभ्या राहिल्या. मोबाईल पुढे धरला. “शेठ, प्रूफ मागितलंत ना. हे तुमचं नाव, ही तुमची तारीख, हे बाबांचं अक्षर. शाळेत कोणी नव्हतं तर हे लिहिलं कुणी? तुम्ही आज केक कापताय तो कुणाच्या जिवावर?”

शेठचं हसू गेलं नाही, नुसतं जागच्या जागी वाळलं. “आईचं आता वय झालंय,” तो लोकांना म्हणाला.

“वय झाला, डोका नाय जेला,” ठमाबाई म्हणाली. “तुना त्याच्या पडवीन मी बसवला. माझ्या दारान बाया येयच्या बंद झाल्या तुझ्यापायी. इसरलास काय?”

कोणी हसलं नाही. शेठने हात वर केला. “करू. मी शब्द देतो, करून घेऊ. शांते, सगळ्यांसमोर शब्द देतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या शेठसाठी होत्या.

*

रविवारी शाळेच्या अंगणात पाचशे खुर्च्या मांडल्या होत्या. एक्केचाळीसपैकी जे हयात आहेत त्यातले बारा-तेरा पुढच्या रांगेत बसले होते. पांढऱ्या टोप्या, कडक इस्त्री. शांताबाई एकेकाला ओळखत होत्या. बावीस नोव्हेंबर. नऊ मार्च. सतरा सप्टेंबर. ठमाबाईला मात्र आणलं नव्हतं. तिला बरं नाही, असं कोणीतरी सांगितलं.

शेठने पडदा ओढला.

ओळ तशीच होती. ‘जून १९६२ ते मे १९६४ : पद रिक्त.’ फलकाच्या अगदी तळाशी, दगड पुरवणाऱ्याच्या नावाच्या वर, पितळेची बोटभर पट्टी चिकटवली होती. ‘शाळेस सहकार्य : सखाराम.’

आडनाव नाही. मास्तर नाही. साल नाही. गावाने हाक मारली तसं, नुसतं सखाराम.

शेठ माइकवर बोलत होता. आपल्या शाळेने कधी जात पाहिली नाही, असं तो म्हणाला. पुढच्या रांगेतल्या टोप्या हलल्या. होकारार्थी हलल्या. बारा-तेरा माणसं. एकही उठला नाही. एकानेही म्हटलं नाही की मी त्या पडवीत बसलोय, माझ्या आईला त्या माणसाने तासभर विचारलंय, माझा जन्मदिवस त्याने मला दिलाय.

शांताबाई मागे मसालेभाताच्या टोपाशी उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी डाव टोपात टाकला, पदर खोचला आणि पाचशे माणसांना न वाढता घरी निघून गेल्या. कमिटीच्या पोरांनी मग कसंबसं वाढलं. भात पुरला नाही म्हणे. शांताबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा.

*

शाळा सकाळी शांताबाईच उघडतात. खिचडी लवकर चढवावी लागते, म्हणून किल्ली त्यांच्याकडे असते. सोमवारी त्यांनी कुलूप काढलं. वर्गातून खडू घेतला. खुर्चीवर चढल्या आणि ‘पद रिक्त’ या अक्षरांवरून, मोठ्या, वाकड्या, चौथी पास अक्षरात लिहिलं : सखाराम भिवा गायकवाड, मास्तर.

खडू जरा ओला केला की काळ्या ग्रॅनाइटवर छान उठतो.

मुलं आली. दुसरीतल्या एका मुलीने अक्षर अक्षर लावून ते मोठ्याने वाचलं आणि प्रार्थनेला गेली. दुपारी कमिटीचा माणूस आला आणि ओल्या फडक्याने पुसून गेला.

मंगळवारी शांताबाईंनी पुन्हा लिहिलं. दुपारी पुन्हा पुसलं. बुधवारी लिहिलं. गुरुवारी लिहिलं.

शुक्रवारी अमृता मॅडम स्वयंपाकखोलीच्या दारात आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “मावशी, शेठचा फोन आलेला. कमिटीने किल्ली मागितलीय.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, मावशींना विचारते.”

शांताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटातून खडा उचलून बाहेर टाकला.

“त्यांना म्हणावं, या घ्यायला. हातात घ्यावी लागेल. मी अंगणात टाकणार नाही.”

 मॅडम ऑफिसात गेल्या आणि परत येऊन तांदळाच्या पिंपावर खडूंचा एक नवा खोका ठेवून निघून गेल्या.

अजून कोणी किल्ली घ्यायला आलेलं नाही. रोज सकाळी नाव लिहिलं जातं आणि दुपारी पुसलं जातं. पुसणाऱ्याचा हात कधीतरी भरून येईल. शांताबाईंचा येणार नाही. त्यांनी वीस वर्षं शाळेचे टोप घासलेत.